इथे कुणाला ळ येत नाही

किला गेट, ग्वाल्हेर
२० फेब्रुवारी २०२५

ताई,

वर काय लिहायचं यातच दोन कागद गेले. 'तीर्थरूप' लिहिलं तर तू हसशील. 'सौभाग्यवती' लिहिलं तर आबांनी तुझं लग्न कधी मानलं नाही हे आठवेल. म्हणून नुसतं ताई. शुद्धलेखन दोनदा तपासलं आहे. तरी काही चुकलं असेल तर लाल पेनाने गोल कर, पूर्वी करायचीस तसा.

तुझा नागपूरचा पत्ता तुझ्या मैत्रिणीने, यशश्रीताईने दिला. मी नंबरही मागितला होता. ती म्हणाली, "पत्ता देते, नंबर नाही. उन्नतीला वाटलं तर ती करेल फोन. चार वर्षं तू कुठे होतास?" मी इथेच होतो.

लिहायचं कारण, आईचं ऑपरेशन झालं. घाबरू नकोस. पित्ताशयात खडे होते. फूलबागेकडच्या एका नर्सिंग होममध्ये ११ तारखेला सकाळी दुर्बिणीने पित्ताशय काढलं. पोट फाडलं नाही, चार छिद्रं पाडली. सगळ्यात मोठं बेंबीशी, ते माझ्या करंगळीच्या टोकाएवढं. बाकीची त्याहून लहान. मी अजून सराफ्यातच आहे, भांड्यांवर नावं कोरतो, त्यामुळे मापाकडे माझं लक्ष जातं.

बेशुद्ध करायचं औषध वेगळं आणि बधिर करायचं वेगळं, हे मला आधी माहीत नव्हतं. भूल देणारे डॉक्टर दिग्विजयसिंह, मिश्या मोठ्या पण बोलणं हळू. त्यांनी कागदावर पोट काढून दाखवलं. पित्ताची पिशवी यकृताला जिथे चिकटलेली असते तिथून ती सोडवतात, आणि ती जागा आतून सोलल्यासारखी राहते. सगळं आटपायच्या आधी तिथे बधिर करायचं औषध शिंपडतात, शिवाय चारही छिद्रांच्या कडांत सुईने भरतात. म्हणाले, "होश आने के बाद जो सबसे बुरे आठ-दस घंटे होते हैं, उतने ये सँभाल लेगी. फिर गोली."

मी विचारलं, याने दुखणं जातं की लपतं?

ते हसले. "छुपता है, बेटा. पर उतनी देर में शरीर सँभल जाता है."

खरंच तसं झालं. दुपारी आई पूर्ण शुद्धीवर आली आणि म्हणाली, "हेमू, खरंच काढली का रे पिशवी? की नुसतं झोपवून परत आणलंय मला?" मिथलेश सिस्टर म्हणून एक आहेत, त्यांनी प्लास्टिकच्या डबीत खडे आणून दाखवले. अकरा होते. आई म्हणाली, "रंग बरा असता तर नथ झाली असती." मी ते हिंदीत सांगितलं, तर सिस्टर इतक्या हसल्या की बाजूच्या खाटेवरची बाई उठून बसली.

संध्याकाळी औषधाचा असर उतरायला लागला. (असरला मराठीत परिणाम म्हणतात, पण इथे परिणाम बरोबर बसत नाही.) आई म्हणाली, "आता पोट माझंच आहे असं कळायला लागलं." खांदा दुखत होता. पोट फुगवायला आत गॅस भरतात, त्याने खांदा दुखतो म्हणे. डॉक्टरांनी मला एक तक्ता दिला. दर तीन तासांनी आईला विचारायचं आणि शून्यापासून दहापर्यंत आकडा लिहायचा. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे सोसण्यापलीकडे. हे काम खरं सिस्टरचं. पण दुखायला लागलं की आई हिंदी विसरते, कोल्हापूर सोडून पस्तीस वर्षं झाली तरी, म्हणून ते मला दिलं. डॉक्टर म्हणाले, "लिखावट तो छपाई जैसी है तुम्हारी."

१३ तारखेला छुट्टी होऊन आई घरी आली. आता विश्रांती घेते आहे. तुझी आठवण काढते. यायलाच हवं असं काही नाही. पण आलीस तर तिला बरं वाटेल.

अक्षर वाकडं झालं असेल. बाकावर बसून मांडीवर लिहितो आहे.

तुझा भाऊ,
हेमेंद्र

ता. क. माझा नंबर पाकिटाच्या मागे लिहिला आहे.


ग्वाल्हेर
२५ फेब्रुवारी २०२५

ताई,

पहिलं पत्र पोचलं असेल. स्पीड पोस्टच्या पावतीवरचा नंबर टाकून मोबाइलवर बघितलं, त्यात २२ ला नागपूर दाखवतं. तुझा फोन आला नाही. तुझा राग असेल तर तो बरोबर आहे.

मी लिहिलं होतं की बाकावर बसून लिहितो आहे. कुठला बाक, हे लिहिलं नव्हतं. आपल्या घरी बाक नाही. तो मोठ्या सरकारी इस्पितळातल्या आयसीयूच्या बाहेरचा बाक होता. आताही तिथेच आहे. आई १५ तारखेपासून आत आहे.

पित्ताशय काढतात तेव्हा त्याच्या नळीचं तोंड बारीक चिमट्याने बंद करतात. तो चिमटा सरकला. पित्त पोटात झिरपत राहिलं. तोंडातून दुर्बीण घालून एक नळी बसवली आहे, पोटातून दुसरी बाहेर काढली आहे, तिला पिशवी आहे, तिच्यात हिरवट पाणी येतं. साखर आधीच वाढलेली होती. जंतू रक्तात गेले आहेत.

डॉक्टर दिग्विजयसिंह इथे येऊन बघून गेले. म्हणाले, "चिमटा सरकना किसी की गलती नहीं. हज़ार में दो-चार के साथ होता है." मग म्हणाले, "पर दर्द बढ़ता है पहले. दूसरे दिन कम होना चाहिए, उल्टा बढ़ता है. उसी से पकड़ में आता है." त्यांच्या हातात माझा तक्ता होता. बारा तारखेच्या दुपारवर त्यांनी बोट ठेवलं. "ये दो किसने लिखा?"

मी म्हटलं, "मैंने."

"उन्होंने दो बोला था?"

मी म्हटलं, "जी, बोला था."

हे खोटं नाही. पण पूर्ण खरंही नाही. आता लिहितो ते पूर्ण आहे.

तुला आठवत असेल, मी सहा वर्षांचा असताना तू मला आरशासमोर उभं करून ळ शिकवला होतास. गल्लीतली सगळी पोरं केला म्हणायची, कमल म्हणायची. मीही तेच म्हणायचो. तू म्हणायचीस, "जीभ मागे वळव, हेमू. बाळ. गूळ. कमळ. इथे कुणाला ळ येत नाही, म्हणून आपणही सोडायचा का?" शाळा अकरावीत सुटली. ळ नाही सुटला.

बारा तारखेला दुपारी मिथलेश सिस्टर सलाईन बदलत होत्या. आईने एकदम चादर मुठीत धरली आणि म्हणाली, "कळ येते गं. कळ."

सिस्टर म्हणाल्या, "कल? कौन आ रही है कल?"

आई डोळे मिटून पुन्हा म्हणाली, "कळ येते."

आणि सिस्टरचा चेहरा खुलला. आदल्या दिवशी आईने त्यांना सांगितलं होतं की मला एक मुलगी आहे, नागपूरला असते, शाळेत शिकवते, तुमच्यासारखीच उंच. त्या म्हणाल्या, "अच्छा! बिटिया आ रही है! अरे वाह अम्मा. आएगी, कल पक्का आएगी."

सिस्टर वाईट नव्हत्या. त्यांच्या कानाला जे होतं ते त्यांनी ऐकलं.

आईने डोळे उघडले. हिंदी ती विसरली होती म्हणतो मी, पण 'बिटिया' आणि 'आएगी' तिला लख्ख कळलं. तिने सिस्टरकडे नाही, माझ्याकडे बघितलं. तिला वाटलं, हे सिस्टरला मीच सांगितलं असणार. म्हणाली, "हेमू, तू कळवलंस तिला? येतेय ती?"

ताई, मी तुला काहीही कळवलं नव्हतं. तुझा पत्ताही तेव्हा माझ्याकडे नव्हता. आईला तसं सांगायला एक शब्द पुरला असता. पण चार वर्षांत तिचा तसा चेहरा मी पाहिला नव्हता.

मी म्हटलं, "हो."

मग तीन वाजले आणि मी तक्ता घेऊन विचारलं, "किती, आई?" ती म्हणाली, "दोन लिही." मी म्हटलं, "आई, तू मूठ आवळली आहेस." ती म्हणाली, "दोन लिही म्हणते ना. जास्त लिहिलंस तर ठेवून घेतील मला. ती इतक्या लांबून येणार आणि आई खाटेवर? मला घरी जायचंय."

मी दोन लिहिलं. सहा वाजता दोन. नऊला दोन. सकाळी सहाला एक. मला माहीत होतं ते दोन नाही. त्या बधिर करायच्या औषधाचा असर तर आदल्या संध्याकाळीच संपला होता. म्हणजे ती आता औषधाशिवाय बधिर बसली होती, तुझ्यासाठी, आणि मी आकडे एका रेषेत येतात का ते बघत होतो.

सकाळी डॉक्टरांनी तक्ता बघितला, तिला विचारलं, ती हसली. छुट्टी झाली.

घरी आल्यावर तिने हिरवं लुगडं नेसवून घेतलं, शेजारच्या विजयाबाईंकडून वेणी घालून घेतली आणि दाराकडे तोंड करून खुर्चीवर बसली. आडवी हो म्हटलं तर म्हणाली, "आडवी झाले की पुन्हा उठवणार नाही माझ्याने, आणि तेवढ्यात ती यायची." मी स्टेशनवर जातो म्हणून निघालो. खरंच गेलो. प्लॅटफॉर्मवरच्या नळाजवळ बसलो. नागपूरकडून येणाऱ्या दोन गाड्या आल्या आणि गेल्या. मी उतरणाऱ्यांची तोंडं बघत होतो, जशी काही तू खरोखरच येणार होतीस. घरी येऊन सांगितलं, गाडी लेट आहे. दुसऱ्या दिवशी सांगितलं, तिला सुट्टी मिळाली नाही, उद्या निघेल. दोन्ही दिवस ती खुर्चीत बसून होती. चौदाच्या संध्याकाळी विजयाबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भैया, इनका रंग देखो ज़रा. पीली पड़ रही हैं." मी म्हटलं, खिडकीतला उजेड तसा पडतो.

पंधराच्या सकाळी ती खुर्चीपर्यंत जाऊ शकली नाही.

ताई, ये. पहिल्या पत्रात 'यायलाच हवं असं काही नाही' हे वाक्य आहे. ते चूक आहे. ते खोड.

हेमेंद्र


ग्वाल्हेर
२८ फेब्रुवारी २०२५

ताई,

अजून फोन नाही. आई शुद्धीत असते तेव्हा विचारते. आता 'कधी येते' असं विचारत नाही. 'गाडीत बसली का' एवढंच विचारते. मी मान हलवतो. इथले डॉक्टर म्हणतात, शरीर साथ देत नाहीये. किती दिवस, हे ते सांगत नाहीत, मीही विचारत नाही.

काल रात्रभर मी विचार केला की तू का येत नाहीस. खरं तर विचार करायची गरज नव्हती. कारण मला चार वर्षांपासून माहीत आहे. ते मीच लिहिलं आहे.

तुला २०२१ च्या जुलैमध्ये आईचं पत्र आलं होतं. निळ्या शाईचं, एका पानाचं. त्यात होतं की तू ध्रुवशी कोर्टात लग्न केलंस तेव्हाच माझ्यासाठी संपलीस, या घराचं दार बघू नकोस, फोन करू नकोस, आबांचं किंवा माझं काही बरंवाईट झालं तरी येऊ नकोस. शेवटी, 'आम्हाला तू मेलीस.' खाली आईचं पूर्ण नाव, मंदा जयसिंहराव इंगळे.

अक्षर माझं, हे तू ओळखलं असणारच. आईला सहीपुरतंच लिहिता येतं. तुला वाटलं असेल, आईने सांगितलं आणि हेमूने लिहिलं.

आईने त्यातला एक शब्दही सांगितला नव्हता. तिला आजही माहीत नाही की असं पत्र गेलं. त्या दिवशी ती देवळात गेली होती. आबांनी मला समोर बसवलं आणि म्हणाले, "लिही. आईच्या नावाने लिही. माझ्या नावाने लिहिलंस तर ती आठ दिवसांत दारात उभी राहील. आईचं लागेल तिला." मी म्हटलं, "आबा, आईला विचारू या का?" त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. ते बघणं तुला माहीत आहे. मी वीस वर्षांचा होतो. वीस म्हणजे लहान नाही.

आणखी एक गोष्ट आहे. ती मी कुणाला सांगितलेली नाही, आणि सगळ्यांत जास्त लाज मला तिचीच वाटते. लिहून झाल्यावर मी ते तपासलं. 'मेलीस' मध्ये लि ऱ्हस्व पडला होता. आबा म्हणाले, "चालेल." मी म्हटलं, नाही, ताई लगेच पकडेल. मी तो कागद फाडला आणि पूर्ण पत्र नव्या कागदावर पुन्हा उतरवलं. म्हणजे ते मी एकदा नाही, दोनदा लिहिलं.

त्यानंतर तू घर बदललंस, नंबरही बदललास. आई रोज दुपारी लावायची. "लागत नाही रे," म्हणायची. मग म्हणायची, "शाळेत असेल." मग म्हणायची, "मोठी झाली ती आता, आपल्याला कशाला." मी तिथेच बसून जेवत असायचो.

२०२३ मध्ये आबा गेले तेव्हा तुला कळवायला हवं होतं. तेव्हा आईला सगळं सांगताही आलं असतं, कुणाचा धाक उरला नव्हता. मी म्हटलं, तेरावं होऊ दे. मग म्हटलं, वर्ष होऊ दे. आई मला म्हणायची, "तू आहेस म्हणून बरं." ते ऐकायची मला सवय झाली.

म्हणून सांगतो, तुला आईने हाकललं नाही. तुला मी हाकललं, सुवाच्य अक्षरात. आई तुझी वाट बघते आहे. आताही, हे लिहितो आहे तेव्हाही. माझ्यासाठी येऊ नकोस. मी इस्पितळाच्या बाहेर थांबेन, तू सांगशील तितक्या लांब.

उद्या सकाळी पोस्ट उघडायच्या आधी जाऊन उभा राहतो.

हेमेंद्र


किला गेट, ग्वाल्हेर
३० मार्च २०२५

ताई,

तू जाऊन आठ दिवस झाले. तू म्हणाली नाहीस की लिहू नकोस, म्हणून लिहितो. तू आल्यानंतरचं तुला माहीत आहे. ५ तारखेपासून ९ तारखेच्या पहाटेपर्यंत तिच्या उशाशी तूच होतीस, शेवटचं पाणी तूच दिलंस. ते मी लिहीत नाही. तू फोनच्या पलीकडे होतीस तेव्हा अलीकडे काय झालं, तेवढं तुला माहीत नाही.

चार तारखेला दुपारी फोन आला. मी नाव सांगायला लागलो, तू म्हणालीस, "आईला दे." मी धावत आत गेलो. आयसीयूतल्या सिस्टरने पाच मिनिटं दिली. मी फोन आईच्या कानाला धरला. तिला आधी कळेना. मग तू 'आई' म्हणालीस आणि तिचे ओठ हलले. बरेच दिवस ती कुणाशी नीट बोलली नव्हती. ती पहिलं काय म्हणाली ते तू ऐकलंस. ती 'उन्नती' नाही म्हणाली. ती म्हणाली, "कळ येते गं."

आणि तू म्हणालीस, "कुठे, आई? कुठे येते कळ? पोटात? पाठीकडे जाते का?"

फोनमधून तुझा आवाज मला ऐकू येत होता. एकवीस दिवस झाले होते ऑपरेशनला. दर तीन तासांनी मी तिला 'किती' विचारलं होतं. इथल्या लोकांनी ताप विचारला, साखर विचारली. 'कुठे' असं कुणी विचारलंच नव्हतं. आई तुला सांगायला लागली, उजव्या बरगडीखाली, मग मागे, मग खांद्यात, लहान मुलासारखी एकेक जागा. मी तिला इतकं बोलताना पाहून घाबरलो, दमेल म्हणून. तू म्हणालीस, "मी आत्ता निघते. उद्या पोचते." फोन बंद झाला.

आईने मला खुणेने जवळ बोलावलं. "कागद आहे का तुझ्याकडे?"

डॉक्टर दिग्विजयसिंहांनी बघून परत दिलेला नर्सिंग होमचा तो तक्ता मी खिशातच ठेवत होतो. का, ते सांगता येणार नाही. तो काढला. ती म्हणाली, "आता खरं लिही."

"किती, आई?"

"नऊ."

मी लिहिलं. ती म्हणाली, "आणि मागचे पण बदल. तेव्हा दोन नव्हते रे. सात होते. खुर्चीत बसले होते तेव्हा आठ."

मी म्हटलं, "मला माहीत होतं, आई."

ती म्हणाली, "मला माहीत होतं तुला माहीत होतं ते." आणि मग म्हणाली, "आपण दोघांनी मिळून केलं ते. तू एकट्याने नाही."

ताई, ते फक्त तक्त्याबद्दल होतं. पत्राबद्दल तिला काहीच माहीत नव्हतं. मी सांगायला तोंड उघडलं होतं. पण पाच मिनिटं झाली होती, सिस्टर म्हणाल्या, "बस भैया, अब बाहर."

मला वाटलं होतं, तू आलीस की सांगशील. तसं तू सांगितलं असतंस तर ते बरोबरच होतं. सात तारखेला मी पडद्याच्या बाहेर उभा होतो, औषध द्यायला आलो होतो. तुमचं बोलणं ऐकायला आलो नव्हतो, पण ऐकलं. आईने तुला विचारलं, "इतकी का गं रागावली होतीस माझ्यावर? एक फोन नाही चार वर्षांत." मी पडदा घट्ट धरून उभा राहिलो.

तू म्हणालीस, "चुकलंच माझं, आई. डोकं फिरलं होतं माझं."

आई म्हणाली, "आबांवर गेलीस अगदी."

तू हसलीस. आईही हसली, नळ्यांमुळे खोकल्यासारखी. मी औषध सिस्टरच्या टेबलावर ठेवलं आणि जिन्यात जाऊन बसलो.

चूक तू स्वतःवर घेतलीस. तिच्यासाठी घेतलीस, माझ्यासाठी नाही, हे मला समजतं. ती शांतपणे गेली, तेही तुझ्यामुळे. बधिर करायचं औषध शिंपडतात म्हणून मी पहिल्या पत्रात केवढं लिहिलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, त्याने दुखणं जात नाही, लपतं, तेवढ्यात शरीर सावरतं. तिचं शरीर सावरलं नाही. पण शेवटचे चार दिवस तिचं ते एक दुखणं तू लपवून ठेवलंस. ते आता सगळं तुझ्याकडे आहे. त्यातलं निम्मं तरी माझं आहे, आणि ते तुझ्याकडून कसं घ्यायचं मला कळत नाही.

तेराव्यानंतर तू निघालीस तेव्हा मी बॅग उचलायला आलो. तू उचलू दिली नाहीस. दारात थांबलीस, आईची खुर्ची अजून तिथेच होती. माझ्याकडे न बघता म्हणालीस, "ऱ्हस्वदीर्घ सगळं बरोबर होतं हो, हेमू. मी बघितलं होतं."

त्या सतरा दिवसांत तू माझ्याशी बोललेलं एवढं एकच वाक्य. मी ते विसरणार नाही. विसरू नये म्हणूनच तू बोललीस.

परवा सराफ्यात एक गिऱ्हाईक चांदीची वाटी घेऊन आलं, बारशाची. चिठ्ठीवर नाव होतं, 'मृणाल'. ते म्हणाले, "मराठी में लिखना है भैया, मुंबई भेजनी है. वो लोग 'मृणाळ' बोलते हैं कि 'मृणाल'?" मशीन चालू होतं, सुई भांड्याला टेकलेली होती. मी म्हटलं, आधी त्यांना फोन करून विचारा. ते चिडले, इतक्याशा गोष्टीला फोन कशाला. मी म्हटलं, एकदा कोरलं की जात नाही. त्यांनी तिथेच उभं राहून फोन लावला. मी विचारल्याशिवाय लिहीत नाही आता. फार उशिरा शिकलो.

सोबत तक्ता पाठवतो. तो माझ्याकडे ठेवणं मला बरोबर वाटत नाही. काळे आकडे मी तेव्हा लिहिलेले, ते खोडलेले नाहीत. शेजारी लाल शाईत आईने सांगितलेले आहेत. शेवटचा लाल नऊ चार मार्चचा, त्याच्यापुढे रकाना नव्हता, म्हणून समासात आला आहे. त्याच्या बाजूला मी 'कळ' लिहिलं आहे, ळ नीट काढून.

मागच्या बाजूला, कोऱ्या जागेवर, २०२१ चं ते पत्र मी पुन्हा लिहून काढलं आहे, आठवतं तसं, शब्दाला शब्द. या वेळी खाली आईचं नाव नाही. माझं आहे.

ते तपास. जिथे चुकलं आहे तिथे लाल पेनाने गोल कर. पूर्ण पानाला एकच गोल केलास तरी चालेल. फक्त कागद परत पाठव.

हेमू